मालट्रक नियमन, मुंबई
उत्तर कोकणातील मुंबई महानगरात मालवाहू ट्रकचा धूर, वजन, सुरक्षा आणि फिरण्याच्या वेळा यांवर असलेली बंधने. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम व १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम हा त्यांचा पाया. प्रवेशाच्या वेळा मात्र वाहतूक पोलीस अधिसूचना काढून ठरवतात.

शहर खाड्यांनी वेढलेले असल्याने ट्रक मुख्यतः दहिसर, मुलुंड, ऐरोली व वाशी या बाजूंनीच आत येतात. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत जड वाहनांना अटकाव असतो, दक्षिण मुंबईत तो अधिक कडक. पण रस्ते मोकळे करण्यात दंडापेक्षा घाऊक बाजारांच्या स्थलांतराचा वाटा मोठा मानावा लागेल. १९९६ मध्ये फळबाजार वाशीला गेला आणि देवगडच्या हापूसचा ट्रक खाडी ओलांडण्याआधीच रिकामा होऊ लागला.

योग्यता प्रमाणपत्राला ट्रकवाले ‘पासिंग’ म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, परावर्तक पट्ट्या, तसेच मोटार ट्रकखाली घुसू नये म्हणून मागे बसवलेला आडवा गार्ड तपासला जातो. वेगनियंत्रकाची मर्यादा ताशी ८० किमी, डंपर व टँकरना ६०. ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार.

धुराच्या बाबतीत मुंबईत बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज) हे मानक २०१० मध्ये आले, तर बीएस-६ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. डिझेलमधील गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर उतरले. नव्या ट्रकमध्ये डिझेलसोबत एक द्रावण भरावे लागते. चालकांच्या तोंडी ते ‘युरिया’च. ते संपले की इंजिनाचा जोर कमी केला जातो. पीयूसी म्हणजे प्रदूषण नियंत्रणाच्या चाचणीत डिझेल गाडीच्या धुराची फक्त घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणजे हा वायू सोडणारी, पण डोळ्यांना स्वच्छ दिसणारी गाडीही सुटतेच. आठ वर्षांवरील मालवाहनांना राज्यात पर्यावरण कर आहे.

गणपतीत चाकरमान्यांसाठी मुंबई–गोवा महामार्गावरही जड वाहने थांबवतात. याच पट्ट्यात कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा ‘रो-रो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रक वॅगनवर चढतो आणि इंजिन बंद करून, चालक-क्लिनरसह गोव्यात उतरतो.