इंग्लंडमधील काउंटींच्या हद्दी: गावकऱ्यांच्या आठवणीतून नकाशावर

इंग्लंडमधील बहुतेक जुन्या काउंटींची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, हद्द कोणी एका जागी बसून आखलेली नव्हती. काउंटीच्या कडेला असलेल्या पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेतील गावांची, बाहेरची शीव जिकडून जाई तिकडूनच बहुधा काउंटीची हद्दही जात असे. म्हणून दोन काउंटींमधला हद्दीचा वाद प्रत्यक्षात दोन शेजारी गावांचा वाद असे. हा ओढा आपला की त्यांचा, माळावरचा अमुक दगड शिवेचा की नुसताच पडलेला, अशा प्रश्नांवर तो अडून बसे.

शिवेचा पुरावा लोकांच्या आठवणीत होता. दर वर्षी, किंवा काही वर्षांच्या अंतराने, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास पाद्री आणि गावकरी संपूर्ण शिवेवरून फेरी काढत. बरोबरच्या मुलांना ठरावीक झाडांपाशी आणि दगडांपाशी आपटत किंवा छडी मारत, जेणेकरून ती जागा त्यांच्या जन्मभर लक्षात राहावी. रीत क्रूर होती, पण हिशेबी होती, कारण साठ वर्षांनी वाद उभा राहिला तर साक्षीला उभे राहणार होते ते हेच मूल. शिवेला एवढे महत्त्व येण्याचे कारण पैशाचे होते. गरिबांच्या पोषणासाठीची पट्टी पॅरिश गोळा करी. पुलांच्या दुरुस्तीचा भार १५३०च्या कायद्याने मुख्यतः काउंटीवर टाकला होता आणि पूल दोन काउंटींच्या हद्दीवर असेल, तर प्रत्येकीने आपल्या भागापुरता खर्च करायचा होता. अशा ठिकाणी हद्द कोणत्या कमानीवर येते हा खर्चाचा प्रश्न होता.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १८३६च्या कायद्याने चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्यारूपाने देण्याऐवजी रोख रक्कम ठरवून देण्याची पद्धत आली. त्यासाठी गावोगावचे नकाशे लागले, आणि नकाशे काढायला घेताच दडलेले वाद वर आले. पुढच्याच वर्षी संबंधित आयुक्तांना, जमीनमालकांनी अर्ज केल्यास, पॅरिशची हद्द ठरवून देण्याचा अधिकार मिळाला.

खरे वळण मात्र १८४१च्या ऑर्डनन्स सर्वे, म्हणजे देशाचे नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यासंबंधीच्या, कायद्याने दिले. या कायद्याखाली काउंटीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी हद्दीची माहिती असलेले स्थानिक जाणकार नेमायचे होते; त्यांना मीअर्समन म्हणत. दोन्ही बाजूंचे मीअर्समन सर्वेक्षकाबरोबर शीव चालत जात, आणि दोघे ज्या रेषेला मान्यता देत ती टिपणवहीत रेखाटली जाई. नोंदी किती बारीक होत्या हे कुंपणांच्या बाबतीत दिसते. शिवेवर झाडांचे कुंपण असले तरी हद्द त्या कुंपणावरच धरली जात नसे. अनेक नकाशांवर ‘कुंपणाच्या मुळापासून ४ फूट’ अशा अर्थाची खूण आढळते. मालक आपल्या जमिनीच्या अगदी टोकाला चर खणतो, माती आतल्या बाजूला टाकतो आणि त्या मातीच्या बांधावर कुंपण लावतो, म्हणजे चराची पलीकडची कड हीच त्याची हद्द, असा त्यामागचा तर्क. ओढा असेल तर प्रवाहाचा मध्य, भिंत असेल तर तिचा मध्य किंवा एखादी बाजू, हेही असेच संक्षिप्त अक्षरांत नोंदवले जाई. जिथे जमिनीवर रेषा सापडतच नसे, विशेषतः उघड्या माळांवर, तिथे ‘अनिश्चित’ असा शेरा मारून सर्वेक्षक मोकळे होत. नसलेली रेषा कल्पनेने ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

या कायद्यातले एक कलम ध्यानात घेण्याजोगे आहे. सर्वेक्षणामुळे कोणत्याही काउंटीची, पॅरिशची किंवा खासगी जमिनीची हद्द ठरत नाही, वाढत नाही आणि घटतही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सर्वेक्षकाने न्यायनिवाडा करायचा नव्हता, लोकांनी दाखवलेले टिपायचे होते. माझ्या मते या कामाला फारसा विरोध झाला नाही तो याच मर्यादेमुळे. व्यवहारात मात्र हद्द दाखवणारी पिढी गेली आणि नकाशा उरला, तेव्हा कायद्याने नाकारलेले वजन त्याला आपोआप आले. नदीने पात्र बदलल्यावरही अनेक ठिकाणी हद्द जुन्या, कोरड्या पात्रावरूनच दाखवली जाते, ती त्या नोंदींमुळे.

हद्द कुठे आहे हे ठरले, तरी ती तिथे असावी का हा वेगळाच प्रश्न होता, आणि तो संसदेकडे गेला. एका काउंटीचे तुकडे दुसरीच्या पोटात विखुरलेले होते. त्यांपैकी बरेचसे १८४४च्या कायद्याने भोवतालच्या काउंटीत विलीन झाले. १८८८च्या कायद्याने निर्वाचित काउंटी कौन्सिले आली आणि टॉडमॉर्डन हे संपूर्ण गाव यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम विभागात गेले. तोवर लँकाशर आणि यॉर्कशर यांची हद्द गावातून वाहणाऱ्या ओढ्यावरून जात होती आणि १८७५मध्ये उघडलेले तिथले टाउन हॉल नेमके त्या ओढ्यावर, दोन्ही काउंटींत पाय ठेवून उभे होते. डडली हे गाव मात्र स्टॅफर्डशरने वेढलेले असूनही वुस्टरशरचेच राहिले. ते बेट १९६६मध्ये स्टॅफर्डशरला जोडले गेले.