उपराष्ट्रपतिपद आणि देशाची अर्थव्यवस्था

भारताच्या उपराष्ट्रपतींकडे अर्थव्यवस्थेबाबत स्वतंत्र असा एकही अधिकार नाही. अर्थसंकल्प, कर, व्याजदर, हमीभाव, आयात-निर्यात धोरण यांपैकी कशालाही त्यांची मंजुरी लागत नाही. संविधानाच्या कलम 64 प्रमाणे ते राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात आणि कलम 65 प्रमाणे राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर नवी निवड होईपर्यंत त्याची कामे पाहतात. त्यांचा जो काही आर्थिक प्रभाव आहे, तो या दोन वाटांनी येतो. पहिली वाट रोजची, पण अरुंद. दुसरी क्वचितच उघडते. मात्र ती उघडी असताना झालेल्या एका सहीचा परिणाम मराठवाड्याच्या अर्थकारणावर आजही आहे.

पैशाच्या बाबतीत राज्यसभेला मुळातच मर्यादित अधिकार दिलेले आहेत. अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर, मतदान फक्त लोकसभेत होते. धन विधेयक, म्हणजे फक्त कर, कर्ज, सरकारी खर्च अशा बाबींचे विधेयक, राज्यसभेला 14 दिवसांत परत पाठवावे लागते आणि तिच्या शिफारशी स्वीकारायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते. एखादे विधेयक धन विधेयक आहे का, याचा अंतिम निर्णय कलम 110 नुसार लोकसभेच्या अध्यक्षांचा. म्हणून 1991 आणि 1992 च्या उदारीकरणाच्या अर्थसंकल्पांच्या वेळी हा निर्णय तत्कालीन उपराष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हाती नव्हता. तो लातूरचे खासदार आणि तेव्हाचे लोकसभाध्यक्ष शिवराज पाटील चाकूरकर यांच्या हाती होता. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीतही अध्यक्षस्थानी लोकसभाध्यक्षच असतात. लातूर, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी बसणाऱ्या मुलामुलींनी ही कलमे नुसती पाठ करू नयेत, सत्ता कुठे असते हे त्यांतूनच कळते.

सामान्य विधेयकांत मात्र सभापतींच्या खुर्चीला वजन येते. कोणती सूचना दाखल करून घ्यायची, मतविभागणी (प्रत्येकाचे मत नोंदवून मोजणी) कधी घ्यायची, गोंधळ झाला तर काय करायचे, हे पीठासीन अधिकारी, म्हणजे सभापती किंवा त्यांच्या जागी खुर्चीवर बसलेली व्यक्ती, ठरवतात. मते समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचे. 20 सप्टेंबर 2020 रोजी तीनपैकी दोन कृषी विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते आणि खुर्चीवर उपसभापती हरिवंश होते. दुसऱ्या दिवशी सभापती वेंकय्या नायडू यांनी उपसभापतींविरुद्धची अविश्वासाची सूचना फेटाळली आणि 8 सदस्य निलंबित झाले. बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतमालाचा व्यापार खुला करणारा कायदा यातूनच आला. तूर-सोयाबीनची आवक घेणाऱ्या लातूर-जालन्याच्या मोंढ्यांतले आडते, हमाल, मापाडी आणि शेतकरी या सगळ्यांचा त्याच्याशी थेट संबंध होता. 2021 च्या हिवाळी अधिवेशनात तिन्ही कायदे रद्द झाले.

उपराष्ट्रपती जाहीरपणे बोलू शकतात, आणि तेही कमी नाही. 3 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शताब्दी कार्यक्रमात जगदीप धनखड यांनी व्यासपीठावरच्या कृषिमंत्र्यांना विचारले, की शेतकऱ्यांना दिलेल्या आश्वासनांचे काय झाले? प्रश्न गाजला, धोरण हलले नाही. 21 जुलै 2025 रोजी धनखड यांनी राजीनामा दिला. पद रिकामे असतानाच ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क माफ केले, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि लगेच 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे बीड, परभणी, जालन्यात वेचणी सुरू होऊन कापूस विक्रीला येतो, नेमका तोच काळ. या निर्णयाला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना पुरली. उपराष्ट्रपती असते तरी ती निघालीच असती.

दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण 1969 चे. 3 मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. 19 जुलै रोजी, संसदेचे अधिवेशन दोन दिवसांवर असताना, त्यांनी 14 मोठ्या खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. निर्णय इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळाचा होता. अर्थखाते त्यांनी मोरारजी देसाईंकडून तीन दिवस आधी काढून घेतले होते. तरीही वटहुकमावर सही गिरींची आहे, आणि उपराष्ट्रपतिपदावरील व्यक्तीच्या हातून झालेली आर्थिकदृष्ट्या सर्वांत मोठी कृती तीच मानावी लागेल. फेब्रुवारी 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीयीकरणाचा कायदा अवैध ठरवला, तेव्हा सरकारने नवा वटहुकूम काढून राष्ट्रीयीकरण टिकवले.

त्या 14 बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. त्याच वर्षाअखेरीस एकेका जिल्ह्यातील बँकिंगचे नेतृत्व एकेका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना सुरू झाली आणि पुढे औरंगाबाद व जालना जिल्ह्यांची अग्रणी बँक हीच झाली. 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या आणि सावकारीत पिचलेल्या या भागात तालुक्याच्या गावी सरकारी बँकेची पाटी लागणे ही साधी गोष्ट नव्हती. आजही मृग लागला की सातबारा, आठ-अ, आधार आणि इतर बँकांचे नो ड्यूज असा कागदांचा गठ्ठा घेऊन शेतकरी पीककर्जासाठी शाखेत रांग लावतात. कर्ज वेळेवर मिळतेच असे नाही, आणि मिळाले नाही तर पेरणीसाठी पुन्हा सावकाराचेच दार असते. राष्ट्रीयीकरणाचे हे काम अपुरे राहिले आहे.

अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांची स्थिती याच्याशी मिळतीजुळती आहे. तेही सिनेटचे अध्यक्ष असतात आणि मते समसमान पडली तरच मत देतात. फरक इतकाच, की तिथे अर्थविषयक विधेयके अनेकदा याच एका मतावर तरली. 1993 मध्ये अल गोर, 2003 मध्ये डिक चेनी, 2022 मध्ये कमला हॅरिस आणि 2025 मध्ये जे. डी. व्हॅन्स यांच्या मताने करविषयक मोठी विधेयके 51 विरुद्ध 50 अशी मंजूर झाली.

12 सप्टेंबर 2025 रोजी उपराष्ट्रपती झालेले सी. पी. राधाकृष्णन त्याआधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मराठवाड्यापुरते पाहिले तर या बढतीने त्यांचा आर्थिक अधिकार वाढला नाही, कमी झाला. कलम 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासनिधीचे समन्यायी वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी ठरवता येते. 1994 मध्ये विकास मंडळे स्थापन झाली ती याच कलमाखाली. सिंचनाचा अनुशेष आणि निधीवाटप यांवर पुढे राज्यपालांचे निर्देश निघाले. त्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. ती पुन्हा स्थापन व्हावीत ही मराठवाड्याची मागणी मुंबई आणि दिल्लीतील सरकारांकडे आहे, आणि उपराष्ट्रपतींच्या कक्षेत ती कुठेच येत नाही.