विकत घेतलेल्या गेमचा बॅकअप: युरोपात हक्क कुणाला, कागद कोणते

विकत घेतलेल्या गेमची जादा कॉपी, म्हणजे बॅकअप, करून ठेवता येते का, हे जर्मनीत शिकायला आलेली आपली मुलं सतत विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते. बॅकअपसाठी कुठे अर्ज करायचा नसतो, परवानाही कुणी देत नाही. हक्क थेट कायद्यातून मिळतो: युरोपीय संघाचा 2009 चा सॉफ्टवेअर निर्देश (निर्देश म्हणजे सदस्य देशांना बांधणारा संघाचा कायदा), कलम 5(2). अटी दोनच. प्रोग्राम वापरण्याचा हक्क तुमच्याकडे हवा आणि त्या वापरासाठी कॉपी गरजेची हवी. कंपनीने करारात मनाई लिहिली असली, तरी कलम 8 प्रमाणे ती रद्दबातल.

बहुतेक जण इथवरच वाचतात आणि फसतात. गेम म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे, त्यात चित्रं आहेत, संगीत आहे. निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स खटल्यात 23 जानेवारी 2014 रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय संघाच्या न्यायालयाने, हेच सांगितलं. म्हणून 2001 चा कॉपीराइट निर्देशही लागू होतो, आणि त्यात कॉपीविरोधी कुलूप, म्हणजे कॉपी होऊ न देणारी तांत्रिक सोय, तोडायला बंदी आहे. कन्सोलच्या (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राच्या) डिस्कला कुलूप असतंच. ताट वाढायचं आणि हात बांधायचे, असला हा प्रकार. मला तो अजिबात पटत नाही. जर्मनीत निव्वळ स्वतःपुरतं कुलूप तोडलं तर फौजदारी गुन्हा होत नाही, पण दिवाणी दावा होऊ शकतो.

गेम वापरायचा हक्क आपलाच आहे हे दाखवायला कागद हवेत, आणि त्यांत अडतं ते पावतीपाशी. रविवारच्या जुन्या बाजारात पाच युरोला घेतलेल्या डिस्कची पावती कोण देणार? मग मूळ डिस्क आणि डबा तरी जपा, टाकू नका.

परवा एकाने ओरखड्यांनी पांढुरकी झालेली डिस्क पुढे धरली. “ताई, गेम माझाच आहे, मग नेटवरून उतरवला तर काय बिघडलं?” बिघडतं, बाळा. बेकायदा ठिकाणाहून घेतलेली कॉपी खासगी वापराच्या सवलतीत बसत नाही, हे त्याच न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये ठरवलंय. शिवाय टॉरेंटवर उतरवताना तुम्ही इतरांना वाटतही असता. वकिलाची नोटीस घरी येते ती त्यामुळेच.

बॅकअप विकताही येत नाही, मूळ डिस्क फुटली किंवा हरवली तरीही. लॅटव्हियातून आलेल्या खटल्याचा हा 2016 चा निकाल. गेम विकायचाच असेल तर मूळ डिस्क द्या, आणि त्याआधी आपली कॉपी पुसून टाका.