पोलादही थकते: ले मान्सच्या चोवीस तासांचे विज्ञान

मिनिटाला ८,००० आवर्तने या गतीने एखादे इंजिन अहोरात्र चालू ठेवले, तर त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, चोवीस तासांत १ कोटी १५ लाखांहून अधिक वेळा फिरतो. प्रत्येक आवर्तनात पिस्टन दोनदा क्षणभर थांबतो आणि उलट दिशेने झेपावतो, आणि त्याला धरून ठेवणारा कनेक्टिंग रॉड आलटून पालटून ताणला आणि दाबला जातो. एका ताणाने त्या रॉडचे काहीच बिघडत नाही. मात्र तोच ताण कोटी वेळा सोसल्यावरही तो शाबूत राहील का, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फार खोल आहे आणि फ्रान्समधील ले मान्स या शहरात दरवर्षी जून महिन्यात होणारी चोवीस तासांची मोटारशर्यत मुळात हाच प्रश्न विचारते.

ही शर्यत प्रथम २६ आणि २७ मे १९२३ रोजी झाली. त्या काळी मोटारींच्या शर्यती म्हणजे केवळ वेगाच्या स्पर्धा असत. ले मान्सच्या आयोजकांना मात्र रोज रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचा टिकाऊपणा, तिचे दिवे आणि तिची रात्रभर चालण्याची क्षमता तपासायची होती. पहिल्या वर्षी आंद्रे लागाश आणि रने लेओनार या दोघांनी शनार-वॉल्कर मोटारीतून २,२०९ किलोमीटर अंतर कापले. ताशी सरासरी ९२ किलोमीटर. २०१० साली आउडीच्या विजेत्या मोटारीने त्याच चोवीस तासांत ५,४१० किलोमीटर अंतर पार केले. दरम्यानच्या काळात मार्ग बदलला, मोटारी बदलल्या, इंधन बदलले. चोवीस तास मात्र तेवढेच राहिले.

पोलाद थकते हे माणसाला रेल्वेने शिकवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या डब्यांचे आस अचानक तुटत असत आणि त्यांच्यावरचा भार तर ते तुटण्यासाठी लागणाऱ्या भारापेक्षा कितीतरी कमी असे. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर याने वर्षानुवर्षे अशा आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिले आणि दाखवून दिले की, धातूचे आयुष्य केवळ भाराच्या मोठेपणावर ठरत नाही, तर तो किती वेळा दिला जातो यावरही ठरते. पृष्ठभागावरच्या एखाद्या सूक्ष्म ओरखड्यापासून किंवा धातूच्या आतील एखाद्या दोषापासून भेग सुरू होते, प्रत्येक हेलकाव्यासरशी ती किंचित पुढे सरकते आणि उरलेला धातू भार पेलू शकेनासा झाला की भाग एकाएकी तुटतो. पोलादाच्या बाबतीत एक दिलासा असा की, ताण एका ठरावीक मर्यादेखाली ठेवला आणि त्याने १० लाख ते १ कोटी हेलकावे सोसले, तर तो भाग पुढेही जवळजवळ अमर्याद टिकतो. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्यावर कितीही हलका ताण असला तरी हेलकाव्यांचा हिशेब चालूच राहतो, आणि म्हणून असे भाग ठरावीक वापरानंतर बदलावेच लागतात. चोवीस तासांची शर्यत इंजिनाला बरोबर या कोटीच्या उंबरठ्यावर नेऊन उभे करते. तासा-दोन तासांच्या शर्यतीत ज्या भेगेचा जन्मही झाला नसता, ती येथे पूर्ण वाढते.

हाच विचार संभाव्यतेच्या भाषेतही मांडता येतो. समजा, मोटार कोणत्याही एका फेरीत बंद पडण्याची शक्यता हजारात एक आहे. ऐकायला हा धोका नगण्य वाटतो. परंतु कोरड्या हवामानात आघाडीची मोटार सुमारे ३८० फेऱ्या करते आणि सर्व फेऱ्या निर्विघ्न पार पडण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९९९ या संख्येला स्वतःशीच ३८० वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ६८ टक्के. म्हणजे अशा दहा मोटारींपैकी तीन शर्यत पूर्ण करणार नाहीत. हीच शक्यता दहा हजारात एक इतकी खाली आणली, तर ९६ टक्के मोटारी टिकतात. अभियंत्यांचे वर्षभराचे कष्ट त्या एका जादा शून्यासाठी असतात. त्यात भर अशी की, मोटारीतील हजारो भागांपैकी प्रत्येकाला हा हिशेब स्वतंत्रपणे लागू पडतो आणि त्यातला सर्वांत दुबळा भाग कोणता, हे बहुधा शर्यत सुरू झाल्यावरच कळते.

उष्णता हा दुसरा शत्रू. ले मान्सचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा आहे आणि त्याचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता असतो. त्यातील लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, मुल्सान येथे, मोटार ताशी ३३० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून सुमारे १०० किलोमीटरपर्यंत काही सेकंदांत खाली येते. चालक आणि इंधनासह मोटारीचे वजन १,१५० किलो धरले, तर या एका वळणावर तिला सुमारे ४४ लाख जूल गतिज ऊर्जा टाकून द्यावी लागते. खोलीच्या तापमानाचे १३ लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला एवढी ऊर्जा पुरेशी आहे. तिचा काही वाटा हवेचा विरोध उचलतो. बाकीची बहुतांश ऊर्जा ब्रेककडे जाते. हे दर फेरीला घडते आणि मार्गावर असे जोरदार ब्रेक लावण्याचे ठिकाण काही एकच नाही.

जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता बंद डब्यात कोंडली जात असे. तापलेला ड्रम प्रसरण पावून ब्रेकच्या पट्ट्यांपासून दूर सरके, पट्ट्यांचे घर्षण कमी होई आणि चालकाने कितीही जोर लावला तरी मोटार पूर्वीसारखी थांबत नसे. १९५३ साली जॅग्वारने विमानांच्या चाकांवर वापरले जाणारे चकतीचे ब्रेक आपल्या मोटारींना बसवले. चकती उघडी असते, वाहती हवा तिच्यातली उष्णता सतत काढून नेते आणि तापल्यावर ती जाड होत असल्यामुळे तिच्यावरची पकडही सुटत नाही. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी त्या वर्षीची शर्यत ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली आणि काही वर्षांतच हे ब्रेक सामान्य मोटारींमध्ये येऊ लागले. माझ्या मते या शर्यतीने रस्त्यावरच्या माणसाला दिलेली ही सर्वांत मौल्यवान देणगी आहे, कारण वेग वाढवणाऱ्या शोधांचा गवगवा फार होतो, पण थांबवणाऱ्या शोधाने वाचलेले प्राण कोणी मोजत नाही.

एवढी ऊर्जा उष्णता होऊन उडून जाऊ देण्याऐवजी ती साठवता आली तर? २०१२ साली आउडीच्या आर-१८ इ-ट्रॉन क्वाट्रो या मोटारीने नेमके हे करून दाखवले आणि इंधन आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारीने ले मान्स प्रथमच जिंकले. ब्रेक लावताना पुढच्या चाकांशी जोडलेले विद्युतयंत्र जनित्र म्हणून काम करी आणि मिळालेली ऊर्जा प्रचंड वेगाने फिरणाऱ्या चक्रात साठवली जाई. पुढे पोर्शेच्या ९१९ या मोटारीने पुढच्या आसाबरोबरच एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोतावरही वेगळे टर्बाइन चालवून वीज मिळवली. ही ऊर्जा बॅटरीत साठवून एका फेरीत ८० लाख जूलपर्यंत पुन्हा वापरली जात असे. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे ही मोटार जिंकली.

तरीही इंधन वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग चालकाच्या उजव्या पायात आहे. हवेचा विरोध मोडून काढण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ३१० ऐवजी ३२० किलोमीटर वेग राखायचा, तर वेगातील ३ टक्के वाढीसाठी सुमारे १० टक्के अधिक शक्ती खर्चावी लागते. सरळ पट्ट्याचे शेवटचे काही मीटर त्यामुळे सर्वांत महाग आणि वेळेच्या दृष्टीने सर्वांत कमी लाभाचे असतात. अनुभवी चालक ब्रेक लावण्याच्या जागेच्या थोडे आधीच अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि मोटार तशीच वाहू देतो. अशी काटकसर करून एका टाकीत ११ ऐवजी १२ फेऱ्या झाल्या, तर ३८० फेऱ्यांच्या शर्यतीत इंधनासाठीचे थांबे ३४ वरून ३१ वर येतात. पिट लेनमधील, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबायच्या बाजूच्या मार्गिकेतील, मर्यादित वेग धरला तर एका थांब्याला एक मिनिटाहून अधिक काळ जातो आणि चोवीस तासांनंतर पहिल्या दोन मोटारींमधले अंतर कधीकधी त्याहूनही कमी असते. हळू जाणारा पुढे निघतो, ही गोष्ट येथे शब्दशः खरी ठरते. (२०२२ पासून येथे वापरले जाणारे इंधन फ्रान्समधील वाइन उद्योगाच्या उरलेल्या चोथ्या-गाळापासून मिळवलेल्या इथेनॉलवर आधारलेले आहे.)

रात्र झाली की परिस्थिती पालटते. हवेचे तापमान २५ अंशांवरून १० अंशांवर आले की ती सुमारे ५ टक्के दाट होते. दाट हवेत ऑक्सिजन अधिक असतो, इंजिनाला आणि ब्रेकना थंडावा अधिक मिळतो आणि मोटारीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोरही वाढतो. टायरला मात्र ही थंडी मानवत नाही. रबराची पकड त्याच्या चिकट-लवचीक स्वभावातून येते. पुरेसे ऊबदार असेल तेव्हाच ते डांबरातल्या सूक्ष्म उंचवट्यांमध्ये शिरते. थंड पडलेले रबर ताठर होते आणि पिटमधून नव्या टायरवर निघालेल्या मोटारीची पहिली फेरी त्यामुळेच फार जोखमीची असते.

चालकाच्या शरीराचाही याच वेळी कस लागतो. माणसाच्या शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली असते, सावधपणा मंदावतो आणि प्रतिक्रियेला वेळ लागू लागतो. ताशी ३३० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला ९२ मीटर जाते. पाव सेकंदाचा उशीर म्हणजे २३ मीटर. दोन पाळ्यांच्या मध्ये तास-दोन तास झोप मिळाली, तरी जागे झाल्यावर काही मिनिटे मेंदू पूर्ण भानावर आलेला नसतो, म्हणून पाळीच्या बऱ्याच आधी चालकाला उठवले जाते. आज एका मोटारीला तीन चालक असतात. कोणालाही सहा तासांच्या कालावधीत चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक काळ चालवता येत नाही.

पूर्वी अशी बंधने नव्हती. १९५२ साली पिएर लव्हे या फ्रेंच चालकाने आपली ताल्बो मोटार सहकाऱ्याच्या हाती न देता एकट्याने जवळजवळ तेवीस तास चालवली. तो मोठ्या आघाडीवर होता आणि शेवटचा तास-सव्वा तास उरला असताना इंजिन निकामी झाले. थकलेल्या हाताने चुकीचा गिअर पडला, की आधीपासूनच इंजिनात दोष होता, याविषयी दोन मते आहेत. माणूस आधी थकला की पोलाद, असाच तो वाद आहे. त्याच लव्हेला १९५५ साली मर्सिडीजने आपल्या संघात घेतले. ११ जूनच्या संध्याकाळी त्याची मोटार पुढच्या मोटारीवर आदळून हवेत उडाली आणि बांधावर आपटून तिचे तुकडे प्रेक्षकांमध्ये घुसले. लव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोटारीचा सांगाडा वजन कमी राखण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूने मढवलेला होता. जळते मॅग्नेशियम पाण्यातूनही ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा करते, त्यामुळे पाणी मारल्यावर आग अधिकच भडकली. या दुर्घटनेनंतर पिट आणि प्रेक्षकांची जागा नव्याने बांधण्यात आली आणि स्वित्झर्लंडने तर बंद मार्गावरील मोटारशर्यतींवर दीर्घकाळ बंदी घातली.

एवढ्या साऱ्या हिशेबानंतरही एक लहानसा भाग सर्व काही उलटवू शकतो, हे २०१६ साली दिसले. टोयोटाची पाच क्रमांकाची मोटार तेवीस तास सत्तावन्न मिनिटे धावून आघाडीवर होती आणि काझुकी नाकाजिमा ती चालवत होता. अचानक शक्ती नाहीशी झाल्याचे त्याने रेडिओवर कळवले आणि मोटार पिटच्या समोरच, अंतिम रेषेपाशी थांबली. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधील नळीचा एक जोड निकामी झाला होता. मोटार पुन्हा कशीबशी सुरू झाली, पण शेवटच्या फेरीला सहा मिनिटांहून अधिक काळ लागल्यामुळे नियमानुसार तिची निकालात नोंदही झाली नाही. पोर्शे जिंकली.

पुढच्या वर्षीही टोयोटाला यश आले नाही. त्यानंतरच्या चाचण्यांमध्ये संघाने मुद्दाम बिघाड घडवून आणले आणि जखमी मोटार पिटपर्यंत कशी आणायची, याचा चालकांकडून सराव करून घेतला. १६ आणि १७ जून २०१८ रोजीच्या शर्यतीत टोयोटाच्या दोन मोटारी पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या. विजेत्या मोटारीचे तीन चालक होते आणि अंतिम रेषा ओलांडताना सुकाणू नाकाजिमाच्या हातात होते.