कोबेच्या भरावातलं पाणी

मुंबईच्या किनाऱ्यावर भरावाची नवी योजना निघाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "समुद्र आपली जागा परत घेतोच." बोलणारा थोडा वाचन केलेला असेल तर पुढे जपानच्या कोबे बंदराचा दाखला येतो. भूकंप झाला आणि जपान्यांनी समुद्रात बांधलेली बेटं खचली, बघा! वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण कोबेत १९९५ साली समुद्राने काहीही परत घेतलं नाही. उलट बंदराच्या धक्क्यांच्या भिंती बाहेर सरकल्या आणि बेट कडेने किंचित रुंदच झालं. घोटाळा झाला तो भरावाच्या पोटात, दाण्यादाण्यांच्या फटींत साचलेल्या पाण्यामुळे. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती जरा लांबवणार आहे.

आधी गावाची ओळख. मागे रोक्को पर्वताची रांग (सर्वोच्च माथा ९३१ मीटर), पुढे ओसाकाचा उपसागर, आणि मधल्या दोनचार किलोमीटरच्या पट्टीत लांबलचक पसरलेलं शहर. इथली माणसं पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत, 'डोंगराकडची बाजू' आणि 'समुद्राकडची बाजू' म्हणतात. किनाऱ्यालगत पाणी खोल, म्हणून जहाजांची सोय उत्तम. १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने जमशेदजी टाटांशी हातमिळवणी करून मुंबई-कोबे जहाजफेरी सुरू केली. आपल्याकडचा कापूस ओसाका-कोबेच्या गिरण्यांकडे या वाटेने जाऊ लागला. तिथे स्थायिक झालेल्या भारतीय व्यापाऱ्यांचाही हातभार लागलेली, जपानमधली पहिली मशीद कोबेतच आहे, १९३५ सालची.

समुद्रात भर घालायची हौस या गावाला आठशे वर्षांपूर्वीपासून आहे. बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरी या सरदाराने इथे वाऱ्या-लाटांपासून आडोसा म्हणून कृत्रिम बेट बांधायला घेतलं. भराव सारखा वाहून जाई, तेव्हा नरबळी द्या असा सल्ला मिळाला. आख्यायिका अशी की माणसांऐवजी दगडांवर बौद्ध सूत्रं लिहून ते दगड समुद्रात टाकले, म्हणून नाव पडलं क्योगाशिमा, सूत्रांचं बेट. पुलाच्या पायात बळी लागतो ही अफवा आपल्याकडेही लहानपणी पोरांना घाबरवायला वापरली जायची. बेट सूत्रांमुळे टिकलं की दगडांमुळे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खरा उद्योग विसाव्या शतकात सुरू झाला. शहराला घरांसाठी सपाट जागा हवी होती आणि बंदराला कंटेनरसाठी ऐसपैस धक्के. महापालिकेने सुमा भागातल्या टेकड्या कापायला घेतल्या. १९६४ पासून २००५ पर्यंत एक अवाढव्य कन्व्हेयर बेल्ट ती माती किनाऱ्यापर्यंत आणत होता, तिथून ती बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीत जाई. टेकडी सपाट झाली की तिथे वसाहत, आणि तिची माती समुद्रात पडली की तिथे बेट. 'डोंगर समुद्राकडे निघाला' असं लोक म्हणत, आणि महापालिकेला गमतीने 'कोबे शहर प्रायव्हेट लिमिटेड'च्या धर्तीवरचं नाव पडलं होतं. पोर्ट आयलंडचा सुमारे ४४० हेक्टरचा पहिला टप्पा १९६६ ते १९८१ या काळात झाला, त्यानंतर रोक्को आयलंड.

ही माती कसली? रोक्को ग्रॅनाइटची. तिथल्या मिकागे गावावरून जपानीत ग्रॅनाइटलाच 'मिकागे-इशी' म्हणतात. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची पावसापाण्याने हळूहळू चिकणमाती होते, गारगोटीचे दाणे तसेच राहतात आणि खडक हाताने कुस्करावा इतका भुसभुशीत होतो. जपानी नाव 'मासादो', आपल्या भाषेत ग्रॅनाइटचा मुरूम. जाडाभरडा, खडे मिसळलेला. 'बारीक वाळू धोक्याची, असा मुरूम बरा' हा तेव्हाचा अभियंत्यांचा सर्वसाधारण समज.

रस्ता करताना आपण मुरूम टाकतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो. समुद्राच्या तळावर रोलर कसा फिरवणार? बार्जमधून सोडलेला मुरूम पाण्यातून भुरभुरत खाली गेला आणि सैलसर बसला. या 'सैलसर'मध्ये सगळं आलं.

किराणा आणला की आपण रव्याचा डबा ओट्यावर दोनदा आपटतो. रवा खाली बसतो, उरलेला मूठभर त्यात मावतो. सैल दाण्यांना हादरा बसला की ते जवळ सरकतात, एवढंच. आता डब्यात वाळू आहे आणि तिच्या फटी पाण्याने काठोकाठ भरल्या आहेत असं समजा. दाण्यांना जवळ यायचंय, पण मधलं पाणी दाबून लहान होत नाही आणि क्षणार्धात बाहेरही पडू शकत नाही. मग त्याचा दाब वाढतो.

थोडं गणित करू. काठोकाठ भिजलेला भराव घनमीटरला साधारण दोन टन भरतो. म्हणजे पाच मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर दहा टन भार. त्यातला पाच टन नुसत्या पाण्याच्या दाबाने पेललेला असतो, उरलेला पाच टन दाण्यावर दाणा टेकून. मृदाशास्त्रातले अभियंते कार्ल तेर्झागी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं की जमिनीची ताकद या दुसऱ्या हिश्श्यावर ठरते, कारण दाण्यांमधलं घर्षण त्याच्याच प्रमाणात असतं. हादऱ्यांनी पाण्याचा दाब पाचावरून सहा, आठ, दहा टनांवर गेला तर दाण्यांच्या वाट्याला उरतं शून्य. घर्षणही शून्य. दाणे पाण्यात तरंगल्यासारखे होतात आणि जमीन घट्ट पिठल्यासारखी वाहू लागते. हेच मृदा-द्रवीकरण.

घट्ट बसलेल्या वाळूचं मात्र अगदी उलटं असतं. चौपाटीवर लाट ओसरल्यावर ओल्या वाळूत पाय दाबा, पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. आधीच दाटीवाटीने बसलेल्या दाण्यांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं, फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. तिथे पाण्याचा दाब घटतो आणि वाळू आणखी कणखर होते. वाळू तीच, पाणी तेच, फरक फक्त किती ठासून भरलं याचा.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. जोरदार हादरे जेमतेम १५-२० सेकंद टिकले. पोर्ट आयलंडवर महापालिकेने आधीच एका जागी चार भूकंपमापक बसवले होते : पृष्ठभागावर आणि १६, ३२ व ८३ मीटर खोल. एरवी मऊ जमिनीत धक्का वर येताना वाढतो. इथे पृष्ठभागावरचा आडवा धक्का ८३ मीटरवरच्या धक्क्याच्या जवळपास निम्मा निघाला! शाळेत शिकलेलं आठवा : भूकंपाच्या एस-लहरी (जमीन आडवी हलवणाऱ्या) द्रवातून जात नाहीत, पृथ्वीचा बाह्यगाभा द्रवरूप आहे हे त्यावरूनच कळलं. भरावाचा थर द्रवासारखा झाला आणि त्याने खालचा धक्का अर्ध्यावर अडवला. भूकंपात ६,४३४ माणसं गेली, पण त्यांतले बहुतेक बळी जड कौलांची जुनी लाकडी घरं कोसळून, बेटांवर नव्हे तर जुन्या शहरात. भरावामुळे माणसं मेली असं सांगणारे हा भाग गाळतात.

बेटावर मात्र रस्त्यांवर पाणी आणि गाळ उसळला, कारण दाबलेलं पाणी वाट मिळेल तिथून वर येतं. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणातही असं पाणी वर आलं आणि लगेच सरस्वती प्रकटल्याच्या गोष्टी सुरू झाल्या. ती सरस्वती नव्हती, तेर्झागींचं समीकरण होतं.

पोर्ट आयलंडच्या काही भागांत भराव आधी ठोकून, वाळूचे खांब घुसवून दाबून घेतला होता. तिथली जमीन नगण्य खचली, शेजारची न दाबलेली चांगलीच खाली बसली. बंदराच्या धक्क्यांची भिंत म्हणून बसवलेल्या काँक्रीटच्या पेट्यांखालीही मऊ गाळ काढून हाच मुरूम भरलेला होता. पेट्या समुद्राकडे कलल्या आणि सरकल्या, काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत. क्रेनच्या पायांखालचे रूळ फाकले आणि क्रेन गुडघ्यात मोडल्या.

१९९४ मध्ये कंटेनरच्या हिशेबात कोबे जगात सहावं होतं. सुमारे दोन वर्षांत बंदर पुन्हा उभं राहिलं, पण जहाज बदलून पुढे जाणारा माल तोवर कोरियाच्या बुसानकडे वळला होता आणि तो परतला नाही. १९९४ चा कंटेनरचा आकडा ओलांडायला २०१७ साल उजाडलं. धक्का दोन वर्षांत दुरुस्त होतो, गिऱ्हाईक होत नाही.

कोबेच्या किनाऱ्यावरच्या मेरिकेन पार्कमध्ये मोडलेल्या धक्क्याचा ६० मीटरचा तुकडा मुद्दाम दुरुस्त न करता ठेवला आहे. फरशा तुटलेल्या, मधे पाणी शिरलेलं, आणि दिव्याचे खांब त्या पहाटे कलले तसेच कललेले.