जुन्या आपत्कालीन फ्रिक्वेन्सींची पडताळणी (अमेरिका)

पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका सेवेच्या नावावर जुन्या यादीत असलेली फ्रिक्वेन्सी आजही वापरात आहे का, हे तपासण्याची पद्धत. अमेरिकेत स्कॅनर (अनेक फ्रिक्वेन्सी चाळून ऐकणारा रेडिओ) बाळगणाऱ्या हौशी श्रोत्यांचा हा जुना उद्योग. अनेक शहरे आणि काउंट्या ७०० व ८०० मेगाहर्ट्‌झवरील डिजिटल ट्रंकिंगकडे (मोजके चॅनेल संगणकाने गरजेप्रमाणे अनेक गटांना वाटून देणारी यंत्रणा) वळल्या आणि छापील याद्या भराभर शिळ्या झाल्या.

सुरुवात होते फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या खुल्या परवाना-नोंदींपासून. परवाना साधारण दहा वर्षांचा असतो, त्यामुळे बंद पडलेला चॅनेलही कागदोपत्री जिवंत दिसतो. अशा वेळी उत्सर्जन-संकेत, म्हणजे प्रक्षेपणाची रुंदी आणि प्रकार सांगणारी नोंदीतली खूण, बोलका ठरतो. १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यांत १ जानेवारी २०१३ पर्यंत २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्‌झच्या अरुंद चॅनेलवर येणे सक्तीचे होते. तरीही नोंदीत फक्त ‘२०के०एफ३ई’ असेल, म्हणजे २० किलोहर्ट्‌झ रुंदीचे जुने एफएम, तर ती नोंद कोणी हाताळलेलीच नाही असा संशय घ्यावा. ‘११के२एफ३ई’ दिसले, तर निदान कागद तरी अद्ययावत केलेला आहे.

खरा निवाडा कानानेच होतो. दोन-चार तासांच्या शांततेला काही किंमत नाही. राखीव चॅनेल मोठी आग किंवा वादळ आल्यावरच जागा होतो. म्हणून स्कॅनरला रेकॉर्डर जोडून आठवडेच्या आठवडे नोंद ठेवतात. आवाज आला तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच, कारण तीच फ्रिक्वेन्सी दूरच्या दुसऱ्या काउंटीलाही दिलेली असते. वाहक लहरीसोबत जाणारा ६७ ते २५४ हर्ट्‌झचा मंद सूर (सीटीसीएसएस) जुन्या नोंदीशी जुळला, तर ओळख बरीच पक्की होते. सर्वांत भक्कम पुरावा मात्र रिपीटरने (संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राने) मोर्समध्ये वाजवलेला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखचिन्ह. तो परवान्याशी ताडून पाहिला की वाद मिटतो. बटण दाबून ‘कोणी आहे का’ विचारणे हा शॉर्टकट मात्र बेकायदा आहे.

‘ट्रंकिंगवर गेले, म्हणजे जुने बंद’ हा निष्कर्ष सर्वांत फसवा. कित्येक अग्निशमन दलांचे बोलणे नव्या यंत्रणेवर चालते, पण स्वयंसेवकांचे पेजर वाजवणारे सूर जुन्या व्हीएचएफ (१५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या) चॅनेलवरूनच सुटतात.