दोन पल्ल्यांची खिडकी: विदर्भातल्या खेड्यांची पार्श्वभूमी

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या सातव्या सर्गात राजपुत्र अज आणि विदर्भाची राजकन्या इंदुमती नगरातून निघतात, तेव्हा बायका हातातलं टाकून खिडक्यांकडे धावतात. एकीचा उजवा डोळा काजळ घालून झालेला, डावा तसाच कोरा. त्या खिडक्या महालांच्या, सोनेरी जाळीच्या. वऱ्हाडातल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घराला मात्र खिडकी जेमतेमच असे. दीड-दोन फुटांची मातीची भिंत, उजेडाला एखादा झरोका नाहीतर छतातलं साणं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. भोक जेवढं मोठं, तेवढी झळ आत.

मोठी खिडकी परवडते ती पल्ले, म्हणजे झडपा, घट्ट मिटले तरच. सकाळी नऊच्या आत बंद, दिवस मावळल्यावर सताड उघडी, हा उन्हाळ्याचा नेम त्यातूनच आला. जुन्या पल्ल्यांना बिजागरी नसे. वर-खाली ठेवलेली लाकडी कुसवं, म्हणजे खुंटीसारखी टोकं, चौकटीच्या खोबणीत फिरत. मुंबईहून आलेली रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोचली, लोखंडी माल आणणं सोपं झालं. पुढे बिजागरी आणि गज खेड्यातल्या वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, हाती रुळले. गज चौकटीत असल्यामुळे पल्ले आत उघडतात आणि जाड भिंतीच्या खाचेत बसतात.

लाकूड गडचिरोलीतल्या आलापल्लीकडचं सागवान, पण गाभ्याचंच घ्यावं. कडेच्या पांढऱ्या लाकडाला उधई (वाळवी) सोडत नाही. चार फुटी पल्ल्याला चार इंची तीन बिजागऱ्या लागतात; दोनवर भागवलं की कडीकडची बाजू खाली लोंबते. उन्हाळ्यात बसवताना भोवती तीन मिलिमीटर फट सोडावी, कारण पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं. रंग पल्ल्याच्या वरच्या-खालच्या काठालाही हवा. ओल तिथूनच शिरते, आणि नेमका तोच काठ रंगवायचा राहतो.

रंधा मारूनही पल्ला अडत असेल, तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा; ते सारखे नसतील तर चौकटच तिरपी झालेली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; पाया हलला की चौकट तिरपी होते. अशा वेळी पल्ला तासत बसणं व्यर्थ. आधी भिंतीचा बंदोबस्त करावा.

आता नव्या घरांत ॲल्युमिनियमची सरकती खिडकी सर्रास बसते. चार फुटांतले दोनच फूट उघडतात, रात्रीची हवा निम्म्यावर येते, पट्टीत धूळ साचून चाकं अडतात. गाभ्याची जुनी चौकट शाबूत असेल तर ती उपटू नये. नुसते पल्ले नवे करून घ्यावेत.